कन्नीसाठी सोपी जपानी गाणी

दर वर्षी जून संपत आला की मी मोबाईलवर एकच गोष्ट शोधायला बसते: कराओकेला म्हणता येतील अशी, तारुण्यावरची, सोपी जपानी गाणी. कोणी मागून डोकावलं तर त्याला वाटेल, ही बाई जपानला निघालीय किंवा हिने तिकडचा नवरा पटवलाय. तसं काही नाही. मी छत्तीस वर्षांची, कुंभकोणमची, रोज सकाळच्या बसने आडुतुरैला जाऊन भाताच्या बियाण्याच्या प्रयोगशाळेत उगवलेली रोपं मोजणारी बाई आहे. जपानी मला येत नाही आणि गाणं तर त्याहून येत नाही. तरी सात वर्षांत मी सात जपानी गाणी पाठ केली, आणि सातही माझ्या धाकट्या बहिणीसमोर म्हटली, जी तेव्हा हयात नव्हती.

आमच्या भागात घरातली लग्न न झालेली मुलगी गेली की तिला कन्नी मानतात. ती घराची राखण करते आणि वर्षातून एकदा तिला बोलवायचं असतं. जुलैच्या मध्याला लागणाऱ्या आडी महिन्यातल्या एका शुक्रवारी पाट मांडायचा, त्यावर नवी पावाडै-दावणी म्हणजे परकर-ओढणी, बांगड्या, आरसा, फणी, मोगऱ्याचा गजरा ठेवायचा, समोर पान वाढायचं आणि तिला आवडणाऱ्या गोष्टी करायच्या. ही रीत आम्हा मराठी घरांची मूळची नाही. आमचे पूर्वज इथल्या मराठा राजाच्या चाकरीला इकडे आले तेव्हा ती बरोबर आणली नव्हती. पण इतकी वर्षं एका भिंतीला भिंत लावून राहिल्यावर कोणाची रीत कोणाची, हे विचारण्यात अर्थ नसतो. बहीण गेली त्या वर्षी शेजारच्या मामी आईला म्हणाल्या, पोरीला बोलवा, नाहीतर दारात उभी राहील. आईला तेवढं पुरलं.

बहीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. मी पुण्याला शिकायला गेले आणि तिथे माझ्या मराठीला सगळे हसतात म्हणून पुस्तकी मराठी घोटून परत आले, तोवर ती मोठी झाली होती. ती जीन्स घालायची, केस कापून घ्यायची आणि जपानी गाण्यांच्या नादाला लागली होती. चेन्नईच्या कोणा बाईंकडे मोबाईलवरून ती भाषा शिकत होती. गाण्यांचे शब्द वहीत नागरीत उतरवायची, कारण तमिळ लिपीत क आणि ग ला एकच अक्षर, आणि मग सगळं गाणं बिघडतं असं तिचं म्हणणं. बाजारातून तिने एक गुलाबी माइक आणला होता. त्यातच स्पीकर असतो, त्यात बोललं की आवाज घुमून परत येतो. दुपारभर तो माइक घेऊन ती गात असे आणि मी आतून ओरडत असे की जरा माणसांना झोपू दे.

एकोणिसाव्या वर्षी तिला ताप आला. आईने तीन दिवस घरीच निलवेंबूचा काढा दिला. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेलं, सहाव्या दिवशी ती गेली. याच्यावर मला आणखी काही लिहायचं नाही. एक दिवस आधी नेलं असतं तर, हे वाक्य आमच्या घरात आजवर कोणी पूर्ण बोललेलं नाही.

पहिल्या वर्षी पान वाढून झालं, दिवा लागला, आणि आई माझ्याकडे बघून म्हणाली, “आतां एक गाणें म्हण की. तिचें तें.”

“मला जपानी कुठे येतं?”

“तें यंत्र आहे न. तें वाजतें, तूं म्हणायचें. देवाचें नको हो. म्हाताऱ्यांचें नको. तिच्या वयाचें म्हण.”

मी चिडले होते. मी शास्त्र शिकलेली बाई, पाटावरच्या कपड्यांना परदेशी गाणं ऐकवणार, या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा येत होता. पण आईचा चेहरा बघून मी फोन उघडला आणि सोपं म्हणून मिळालेलं पहिलं गाणं लावलं. त्यातल्या निम्म्या ओळी हुकल्या, उरलेल्या बेसूर गेल्या. आई मात्र डोळे मिटून बसली होती.

दुसऱ्या वर्षापासून मी तयारीला लागले. करायचंच तर नीट, हा माझा स्वभाव. सोपं गाणं ओळखायची माझी पद्धत ठरून गेली. एका श्वासात एक ओळ बसली पाहिजे. ध्रुवपद तीनदा तरी यावं, म्हणजे निम्मं पाठांतर वाचतं. सूर माझ्या बसक्या आवाजाच्या बाहेर जाता कामा नये. मधेच भरभर बोलायचा तुकडा असेल तर ते गाणं बाद. जपानी गाणी अधूनमधून एकदम इंग्रजी शब्द फेकतात, तिथे मी हमखास अडखळते, म्हणून तीही बाद. एवढं चाळल्यावर शंभरातली चार-पाच उरत. ती संथ असत, त्यांत पियानो असे, आणि चित्रात शाळेच्या गणवेशातली मुलं-मुली रांगेने उभी दिसत. तारुण्याचंच गाणं दिसतंय, म्हणून मी एक उचलत असे. अर्थ बघायचं मला कधी सुचलं नाही. आम्ही घरात तेलुगू कीर्तनंही अर्थ न कळताच ऐकत आलोय.

खरं सांगायचं तर मला त्या दुपारची भीती वाटायची. फुकटातल्या कराओकेमध्ये मूळ गाणाऱ्याचा आवाज पुसून टाकलेला असतो, पण तो पुरता पुसला जात नाही. संगीताच्या खाली कोणीतरी लांबून गात असल्यासारखं ऐकू येतं. त्यात तो गुलाबी माइक. मी ओळ म्हटली की अर्ध्या क्षणाने ती माघारी यायची, आणि माघारी येणारा आवाज माझ्यापेक्षा पातळ असायचा. आम्हा बहिणींचे आवाज सारखेच होते. फोनवर लोक नेहमी फसायचे. खोलीत आई आणि मी दोघीच असायचो आणि तिसरं कोणीतरी माझ्या मागून गात असायचं. मी भिंतीकडे बघत गाणं पुरं करायचे आणि संपलं की आधी माइक बंद करायचे.

आई त्या वेळी खुणा बघायची. दिव्याची ज्योत हलली, गजऱ्यातली कळी पडली, भिंतीवरची पाल चुकचुकली, की ती आली. दर वर्षी ती यायचीच. आणि दर वर्षी गाणं संपल्यावर आई म्हणायची, “आली, पण बसली नाहीं. अन्नाला हात लागला नाहीं, तोंवर निघाली.”

आई मग चूक शोधत बसायची. एका वर्षी पावाडैचा रंग बदलला. एका वर्षी पानात डांगर पचडीऐवजी बटाट्याचे चिप्स ठेवले, कारण ती तेच खायची. गेल्या आडीत तर आई कापडाच्या दुकानात जाऊन कुर्ती घेऊन आली. दुकानदाराने माप विचारलं तेव्हा आई सरळ म्हणाली, धाकटीला हवी, एकोणीस वर्षांची आहे. मी शेजारी उभी होते. दर वर्षी तेच माप, आणि माझ्या डोक्यात पांढरे केस दिसायला लागले होते. कुर्ती ठेवली तरी ती बसली नाही. त्या दिवशी आई पहिल्यांदा म्हणाली, “मजवर राग आहे तिज.” मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. आईने मान हलवली आणि पान उचललं.

यानंतर पाच महिन्यांनी, जानेवारीत, प्रयोगशाळेत ते घडलं. एक जपानी बाई तीन महिने आमच्याकडे भाताच्या रोपांवर काम करत होत्या. त्या परत निघाल्या तेव्हा साहेबांनी ठरवलं, शेवटच्या दिवशी जेवण झाल्यावर कराओके ठेवू, त्यांना बरं वाटेल. गाणी निवडायचं काम माझ्याकडे आलं. रोपं मोजताना मी ती गाणी गुणगुणते हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं. साहेब म्हणाले, सोपं बघा, आमच्यातल्या कोणाला जमेल असं, आणि विषय जरा तरुण ठेवा. या कामात माझ्याइतकं तरबेज अख्ख्या जिल्ह्यात कोणी नसेल. मी तिसऱ्या वर्षी म्हटलेलं गाणं काढलं, तमिळ लिपीत लिहून दहा जणांना कागद वाटले आणि चार दिवस सराव करून घेतला.

आम्ही पहिली ओळ म्हटली आणि त्या बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. दोन्ही हात समोर जुळवून, अगदी ताठ. दुसऱ्या कडव्यापासून त्या आमच्याबरोबर म्हणायला लागल्या आणि रडायलाही लागल्या. नंतर डोळे पुसत त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की त्यांच्या देशात शाळेच्या शेवटच्या दिवशी सगळा वर्ग हे गाणं म्हणतो. आईबाप आणि शिक्षक समोर बसलेले असतात. मुलं त्यांच्याकडे तोंड करून उभी राहतात, हे म्हणतात आणि मग मागे न बघता दाराबाहेर पडतात. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, आज जाणार मी, आणि तुम्ही नेमकं निरोपाचंच गाणं कसं निवडलंत? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझं कौतुक केलं. मी कागद तिथेच टाकून त्या बाईंच्या मागे गेले.

जिन्यात गाठून मी त्यांना बाकीची सहा गाणी ऐकवली, एकेक ओळ. त्या हसत हसत सांगत गेल्या. हेही शेवटच्या दिवसाचं. हे गाडी सुटताना फलाटावर उभ्या असलेल्या मैत्रिणीचं. यात म्हणतात, फुलं गळायच्या आत निघू या. यात म्हणतात, परत भेटू, पण केव्हा ते सांगत नाहीत. सातही निरोपाची. मी विचारलं, असं कसं? त्यांना माझा प्रश्नच विचित्र वाटला. त्या म्हणाल्या, सोपी म्हणजे वर्गासाठी बांधलेली. ज्यांना गाता येत नाही त्यांनाही म्हणता यावीत म्हणून संथ. आणि सगळ्या वर्गाने मिळून म्हणायची वेळ येते ती शाळा सोडतानाच.

बसमध्ये खिडकीपाशी बसून मी स्वतःला समजावत होते की याला काही अर्थ नाही. मेलेलं माणूस येत नाही, त्याला जपानी गाणं कळत नाही, ते जातही नाही. हे मी मनातल्या मनात तीनदा म्हटलं. आणि तरी दिसत होतं तेच: आई समोर पान वाढून ‘ये’ म्हणतेय, आणि मी बाजूला उभी राहून, घुमणाऱ्या माइकमधून, तिच्या लाडक्या भाषेत तिला सांगतेय, जा. मागे बघू नकोस. एकदा नाही, सात वर्षं. आणि घरातली एकटी तीच होती, जिला माझं गाणं समजत होतं.

आईला मी सांगितलं नाही. सांगितलं तर ती म्हणेल, माझ्या पोरीला तू हाकललंस. नाही सांगितलं तर ती आपल्यालाच दोष देत राहील. मी चार महिने गप्प राहिले आणि तेवढ्यात माझं वजन कमी झालं. मे महिन्यात एका दुपारी मी लवकर घरी आले. आई आतल्या खोलीत पेटी उघडून बसली होती. मागच्या वर्षीची कुर्ती मांडीवर घेतली होती आणि तिच्याशी बोलत होती.

“मी उशीर केला,” आई म्हणत होती. “मज कळलें नाहीं. चुकलें माझें. पण एकदां बस ग. घासभर खा, मग जा.”

मी चप्पल हातात घेऊन दाराबाहेरच उभी राहिले. आत जायची हिंमत झाली नाही. आठ वर्षांत आईने ते वाक्य माझ्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं, आणि त्या कपड्यासमोर ती ते किती वेळा बोलली असेल कोण जाणे. त्याच दुपारी मी ठरवलं, की हे आता लपवायचं नाही.

या आडीतल्या शुक्रवारी आईने सकाळपासून उपास धरला. पाट मांडला, आरसा पुसला, पान वाढलं. ज्योत लागली तशी ती माझ्याकडे बघायला लागली. मी माइक खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. जिन्यातलं, दारातून बाहेर पडणाऱ्या मुलांचं, फलाटाचं, गळणाऱ्या फुलांचं. सांगताना मी पाटाकडे बघायचं टाळत होते.

आईने दिव्याची वात सारली.

“सातही?”

“सातही.”

“आणि तिज तें कळत होतें.”

“तिला जपानी येत होतं आई.”

“म्हणजे रागानें नव्हे,” आई म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं आणि मला धक्काच बसला, ती हसत होती. “अक्कानें जा म्हटलें, म्हणून गेली. माझें कधीं ऐकलें नाहीं, तुझें मात्र सगळें ऐकायची.”

मी म्हटलं, मी दुसरं गाणं शोधते, थांब म्हणणारं. अवघड असलं तरी बसवते. पुढच्या वर्षापर्यंत येईल मला. आईने हात वर करून मला थांबवलं. ती कितीतरी दिवसांनी ताठ बसली होती.

“नको. तेंच म्हण. पण आज मज अर्थ सांगून म्हण. तूं एकटीनें सात वर्षें जा म्हटलेंस, मी ये म्हटलें. म्हणून ती अर्धी इकडे, अर्धी तिकडे. एकोणीस वर्षांची पोर, किती दिवस या पाटाशीं येत राहील? मी आतां किती राहणार? आज मीही जा म्हणतें.”

मग मी त्या तिसऱ्या वर्षाच्या गाण्याचा अर्थ तिला सांगितला. जिन्यात त्या बाईंनी जेवढा सांगितला होता तेवढा, एकेक ओळ करून. आई प्रत्येक ओळ आपल्या बोलीत पाटाकडे बघून म्हणत गेली. आम्ही एकत्र होतो, ऊन होतं, आम्ही हसलो. तुम्ही वाढवलंत, आम्ही मोठे झालो. आता दार उघडा. आईचा आवाज एकदाही कापला नाही. तिचं सांगून झाल्यावर तिने मला मानेने खूण केली.

मी माइक उचलला आणि गाणं लावलं. पियानो सुरू झाला. पहिलं कडवं मी नीट म्हटलं, इतकं नीट कधीच म्हटलं नव्हतं. दुसरं म्हटलं. खिडकी बंद होती आणि ज्योत एका बाजूला झुकली होती. आई हात जोडून बसली होती, तिचा चेहरा मोकळा दिसत होता. पडद्यावर शेवटच्या कडव्याची अक्षरं आली, एकेक रंगत पुढे सरकायला लागली, आणि माझ्या तोंडून शब्द निघेना. एवढी ओळ म्हटली की ती जाणार. या खेपेला आईही आड येणार नाही, आणि पुढच्या आडीत गजऱ्यातली कळी पडणार नाही, माझ्या मागून कोणी गाणार नाही. रोपं मोजणाऱ्या मला हे शंभर टक्के पटलं होतं. इतकी वर्षं मी भिंतीकडे बघत गात होते, भीती वाटते म्हणून कुरकुरत होते, आईची समजूत काढायला हे करतेय असं लोकांना सांगत होते. संगीत एकटंच पुढे गेलं आणि संपलं.

“काय झालें?” आईने विचारलं.

“पुढचं आठवत नाही.”

“पडद्यावर लिहिलें आहे न.”

मला रडू फुटलं. बहीण गेली तेव्हा मी रडले नव्हते, कोणीतरी धावपळ करायला हवी होती. आता आवरेना. आई उठून माझ्याजवळ आली, माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि पदराने माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच.

“ती गेली तर तुज भीती वाटते?”

मी हो म्हटलं.

आईने पाटाकडे एकदा पाहिलं. मग ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली.

“मग आज नको पाठवूं,” ती म्हणाली.